तापीखोऱ्यातलं तांबं आलं कुठून? शिशाच्या समस्थानिकांवरून खाण शोधण्याची रीत

खानदेशात तांब्याची खाण नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत खाली सगळा काळा पाषाण, आणि तापी, गिरणा, पांझरेच्या काठाला त्यावर साचलेला गाळ. हा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात लोह भरपूर आहे, पण हंडा-कळशी घडवण्याइतकं तांबं नाही, आणि शिसं, जस्त, कथीलही नाही. तरी शहादा तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा सगळ्यात खालच्या, ताम्रपाषाणयुगाच्या थरातच तांबं होतं. ते कुणीतरी बाहेरून आणलेलं होतं.

म्हणूनच धातूचा माग काढायला खानदेश फार चांगला प्रदेश आहे. राजस्थानात अरवलीच्या कुशीतल्या गावात तांब्याची कुऱ्हाड सापडली, तर ती शेजारच्या टेकडीतली की दूरची, याचा आधी घोळ. आपल्याकडे तो घोळ नाही. इथला जुन्या तांब्याचा प्रत्येक तुकडा प्रवास करून आलेला आहे, आणि तो कुठल्या वाटेने आला हे विचारण्याचं एक साधन गेल्या पन्नास-साठ वर्षांत तयार झालं आहे: धातूतल्या शिशाचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू.

भूविज्ञानाचे विद्यार्थी, इतिहास मंडळांचे कार्यकर्ते, लहान संग्रहालयं सांभाळणारी माणसं यांच्यासाठी हा लेख आहे. यंत्र प्रयोगशाळेत असतं, पण कामाचा निम्म्याहून अधिक भाग यंत्राच्या आधी आणि नंतर होतो, आणि तो तुमच्या हातात असतो.

शिसंच का?

शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत: २०४, २०६, २०७ आणि २०८. यातलं शिसं-२०४ पृथ्वी जन्मली तेव्हा जेवढं होतं तेवढंच आजही आहे. बाकीच्या तिघांत भर पडत राहते. युरेनियम-२३८ क्षय पावून शिसं-२०६ होतं (अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं), युरेनियम-२३५ चं शिसं-२०७ होतं (सुमारे ७० कोटी वर्षं), आणि थोरियम-२३२ चं शिसं-२०८ (सुमारे १,४०० कोटी वर्षं). तिन्ही घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालतात.

आता समजा, जमिनीखालच्या गरम पाण्याने खडकांतून शिसं ओढून घेतलं आणि एका फटीत त्याचं गॅलेना हे खनिज साचलं. गॅलेनात युरेनियम-थोरियम जवळजवळ नसतंच. म्हणजे त्या क्षणी तिन्ही घड्याळं बंद पडली. त्या दिवशीचं २०६, २०७, २०८ चं २०४ शी असलेलं गुणोत्तर त्या खनिजात कायमचं गोठलं. खाण किती जुनी आणि तिचं शिसं कुठल्या जातीच्या खडकातून आलं, या दोन गोष्टींवर ते गुणोत्तर ठरतं. खाणी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खडकांत बनल्या, म्हणून त्यांची गुणोत्तरंही वेगळी.

तांब्याच्या खनिजात शिसं फार थोडं असतं, बहुतेक वेळा दहा लाख भागांत काही भाग ते काही शे भाग. पण तेवढं पुरतं. महत्त्वाची गोष्ट अशी की भट्टीत खनिज वितळवलं, गाळलं, पुन्हा ओतलं, तरी शिशाच्या समस्थानिकांचं गुणोत्तर मोजता येईल इतकं बदलत नाही. अणू जड आहेत, त्यांच्या वजनांतला फरक टक्क्याच्या आसपास, म्हणून आगीला त्यांच्यात निवड करता येत नाही. खाणीतलं गुणोत्तर भट्टी, मूस, हातोडा हे सगळं ओलांडून बांगडीपर्यंत पोचतं. मला या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

शेतात हिरवा दगड दिसला तर

ही पायरी छोटी आहे, पण खानदेशात ती वगळून चालत नाही. विहीर खोदताना किंवा रस्त्याच्या कटिंगमध्ये काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हिरवागार पदार्थ दिसतो आणि गावात बातमी होते की तांबं लागलं. तो बहुतेक सेलाडोनाइट असतो. त्याचा हिरवा रंग लोहाचा, तांब्याशी त्याचा संबंध नाही.

तपासायचं असेल तर हिरवा भाग खरवडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. तांब्याचं हिरवं खनिज मॅलाकाइट फसफसतं आणि द्रावण हिरवट होतं. सेलाडोनाइट थंड राहतो. मात्र या काळ्या पाषाणाच्या (बेसॉल्टच्या) पोकळ्यांत कॅल्साइट हे खनिजही असतं आणि तेही फसफसतं, म्हणून फेसावर विसंबू नका. त्या द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. तांबं असेल तर खिळ्यावर तांबूस थर चढतो. नसेल तर दगड शांतपणे परत ठेवा.

वस्तू सापडली: आधी काय करायचं नाही

नांगरटीत जुना हिरवट तुकडा वर आला की घरोघरी पहिली गोष्ट एकच होते. चिंच, आमसूल नाहीतर पितांबरी लावून तो लख्ख घासला जातो. हे थांबवणं हे या कामातलं सर्वांत उपयोगी समाजकार्य आहे. घासल्याने वस्तूचा हिरवा थर जातो, आणि त्या थरात मातीशी, काळाशी जोडलेले पुरावे असतात. आंबटासोबतच्या मिठातलं क्लोराइड आत मुरलं तर पुढे वस्तूला सतत हिरवी भुकटी सुटत राहते.

तुकडा जसा आहे तसा कोरड्या कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. जिथे सापडला ती जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवा, खड्ड्याचा फोटो स्केल ठेवून काढा, आणि आजूबाजूची मूठभर माती वेगळ्या पिशवीत घ्या. ही माती पुढे फार कामाची ठरते. भारतात पेट्रोलमध्ये शिसं घालणं २००० साली थांबलं, पण त्याआधीच्या दशकांत रस्त्याकडेच्या शेतांत पडलेलं शिसं अजून तिथेच आहे. वस्तूच्या गंजात ते मिसळलं असेल तर मातीची तुलना केल्याशिवाय कळायचं नाही.

सोबत काय सापडलं हेही टिपा. चाकावर घडवलेली, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेषांची नक्षी असलेली खापरं असतील तर ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे किंवा माळवा या खापर-परंपरांचा विचार करावा लागतो. समस्थानिक वस्तूचं वय सांगत नाहीत. वय खापरांवरून, थरांवरून, कोळशावरून ठरतं. वय माहीत नसलेल्या तांब्याच्या तुकड्याची खाण शोधून हाती फारसं काही लागत नाही.

परवानगी

१८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, ज्याला लोक गुप्तधनाचा कायदा म्हणतात, जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून परदेशातल्या मित्राच्या प्रयोगशाळेत पाकिटातून भुगा पाठवण्याचा विचार मनातून काढून टाका.

रीत अशी: जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवा, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला प्रत पाठवा, आणि नमुना घेण्याची परवानगी लेखीच मागा. अर्जात किती मिलिग्रॅम घेणार, कुठून घेणार, छिद्र कसं बुजवणार हे लिहा. पुण्याचं डेक्कन कॉलेज तापीखोऱ्यातल्या ताम्रपाषाणयुगावर दीर्घकाळ काम करत आलं आहे. तिथल्या कुणाला सहभागी करून घेतलं तर वस्तूचा काळ ठरवायलाही मदत होते.

काय विचारायचं ते आधी ठरवा

पद्धतीचं यश इथे ठरतं, म्हणून जरा थांबून सांगतो. शिशाचे समस्थानिक 'ही वस्तू अमक्या खाणीतली नाही' हे ठामपणे सांगू शकतात. 'अमक्याच खाणीतली आहे' हे सांगू शकत नाहीत, कारण दोन दूरच्या खाणींची गुणोत्तरं योगायोगाने एकसारखी असू शकतात, आणि तिसरी एखादी खाण अजून मोजलेलीच नसू शकते. म्हणून 'हे तांबं कुठलं?' असा मोकळा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत जाऊ नका. संशयितांची यादी करा, आणि एकेकाला वगळता येतं का ते विचारा.

खानदेशासाठी माझी यादी अशी असते. उत्तरेला राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यातलं खेत्री आणि अरवलीतल्या इतर खाणी. खेत्रीपासून जवळच गणेश्वर आहे, जिथे तांब्याच्या हजाराहून अधिक प्राचीन वस्तू मिळाल्या. गुजरात-राजस्थानच्या सीमेवर अंबाजी-देरी, जिथे तांबं, शिसं, जस्त एकत्र आहेत. उदयपूरजवळचं झावर, शिसं आणि जस्तासाठी. पूर्वेला बालाघाट जिल्ह्यातलं मलांजखंड. त्याहून पलीकडे झारखंडचं सिंहभूम. आणि समुद्रापलीकडे ओमान, ज्याला मेसोपोटेमियातले लेख मगन म्हणतात आणि जिथून तांबं जहाजांनी जायचं. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते हे लक्षात घेतलं तर ओमानचं नाव यादीत का, ते कळतं.

दुसरा प्रश्न धातूच्या जातीचा. पोर्टेबल एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या हातयंत्राने, वस्तूची ढोबळ रचना आधी पाहून घ्या. हे यंत्र गंजाचा वरचा थरच वाचतं, म्हणून आकड्यांवर नको, जातीवर विश्वास ठेवा: शुद्ध तांबं, कथील घातलेलं कांस्य, जस्त घातलेलं पितळ, की शिसं घातलेलं काही. शिसं एक-दोन टक्क्यांच्या वर असेल तर ते ओतकाम सोपं व्हावं म्हणून मुद्दाम घातलेलं असण्याची शक्यता मोठी. मग समस्थानिक त्या घातलेल्या शिशाची खाण सांगतील, तांब्याची नाही. तीही माहिती मोलाची आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

चांदीतही हाच प्रकार. जुनी चांदी शिशासोबत वितळवून, शिसं जाळून शुद्ध करत. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यात उरलेलं शिसं त्या प्रक्रियेतल्या शिशाची गोष्ट सांगतं. ते चांदीच्या खनिजातलंच असेल असं नाही. उलट सातवाहनांची शिशाची नाणी या कामाला आदर्श. सगळं नाणंच शिशाचं, नमुना अगदी कणभर पुरतो, आणि संदिग्धता कमी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तांब्याच्या बांगडीऐवजी शिशाच्या झिजलेल्या, ओळख न पटणाऱ्या नाण्यापासून सुरुवात करावी.

नमुना घेणं

ड्रिलचं पातं एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, हायस्पीड स्टीलचं. प्रत्येक वस्तूला नवं पातं. टेबलावर गुळगुळीत वजनकागद पसरा, हातात बिनपावडरचे मोजे घाला. जागा अशी निवडा की प्रदर्शनात दिसणार नाही: बांगडीची आतली बाजू, कुऱ्हाडीचा मागचा कट, मूर्तीच्या बैठकीचा तळ.

पातं सावकाश फिरवा, नाहीतर धातू तापतो आणि किसाचा रंग बदलतो. आधी हिरवी भुकटी निघते, तो वरचा गंज. मग विटकरी-लाल, तो क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा थर. दोन्ही वेगळ्या कुपीत टाका, विश्लेषणात घेऊ नका. त्यानंतर कुरळा, चमकदार, सालमनच्या मांसासारख्या रंगाचा किस येऊ लागतो. धातू तो. इथून नवा कागद घ्या आणि वीस-तीस मिलिग्रॅम जमवा. भिंगाखाली पाहून काळे किंवा हिरवे कण चिमट्याने काढून टाका. वस्तूचं आधीचं आणि नंतरचं वजन नोंदवा. छिद्र मेणात रंगद्रव्य मिसळून बुजवतात, पण हे संवर्धकाकडून करून घ्या.

वस्तू पूर्ण गंजून आत धातूच उरला नसेल तर काम थांबवा. गंजाचं विश्लेषण करता येतं, पण मातीतलं शिसं त्यात किती शिरलं हे सोबतच्या मातीशिवाय सांगता येत नाही. अतिशय दुर्मीळ वस्तूसाठी लेझरने सूक्ष्म ठिपका उडवून मोजण्याची सोय काही प्रयोगशाळांत असते; अचूकता कमी, पण नुकसान डोळ्याला दिसणार नाही इतकं.

प्रयोगशाळेत काय होतं

अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी समस्थानिक मोजणारे मास स्पेक्ट्रोमीटर आहेत. थेट नमुना पाठवू नका. आधी तिथल्या संशोधकाशी बोला, प्रश्न सांगा, सहकार्य ठरवा. आत काय चालतं हे माहीत असलं की योग्य प्रश्न विचारता येतात.

किस सौम्य आम्लाने धुऊन नायट्रिक आम्लात विरघळवतात. कांस्यात कथील असलं तर तळाशी पांढरा साका बसतो. हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं की तो टळतो. मग द्रावण हायड्रोब्रोमिक आम्लात घेऊन रेझिनच्या बारीक नळीतून सोडतात. तांबं खाली वाहून जातं, शिसं रेझिनला धरून राहतं, आणि नंतर जास्त तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाने ते मोकळं करतात. हे सगळं धूळ गाळलेल्या स्वच्छ खोलीत, कारण खोलीतल्या धुळीतही शिसं असतं.

यंत्रात प्रत्येक समस्थानिक वेगवेगळ्या डबीत एकाच वेळी मोजला जातो. यंत्र जड अणूंकडे थोडं झुकतं, आणि ती चूक काढायला द्रावणात थॅलियम मिसळतात. थॅलियमचे २०३ आणि २०५ हे समस्थानिक शिशाच्या शेजारचेच. त्यांचं गुणोत्तर माहीत असल्याने यंत्राचा कल कळतो.

प्रयोगशाळेला चार गोष्टी जरूर विचारा. एक, प्रमाणित शिशाचे, म्हणजे एनआयएसटी ९८१ चे, त्या दिवशीचे आकडे काय आले? ते २०६/२०४ साठी सुमारे १६.९४, २०७/२०४ साठी सुमारे १५.५० आणि २०८/२०४ साठी सुमारे ३६.७२ हवेत. दोन, पाऱ्याची दुरुस्ती केली का? पाऱ्यालाही २०४ वजनाचा समस्थानिक आहे आणि तो शिसं-२०४ मध्ये मिसळून सगळं बिघडवतो; पारा-२०२ मोजून तो वजा करतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीत हा प्रश्न विशेष मोठा, कारण जुना मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने चढवत. तीन, कोऱ्या चाचणीत, म्हणजे नमुना न घालता सगळी प्रक्रिया केली तर, किती शिसं आलं? चार, एकच नमुना दोनदा विरघळवून मोजला तर आकडे किती जुळले? या चार उत्तरांशिवाय आलेला तक्ता स्वीकारू नका.

आकडे वाचणं

आता खरी मजा. खाणीचं वय आणि २०६/२०४ यांचा ढोबळ संबंध स्टेसी आणि क्रेमर्स यांच्या १९७५ च्या मॉडेलवरून काढता येतो. त्यातून हिशेब केला तर १८० कोटी वर्षांपूर्वी गोठलेल्या शिशाला सुमारे १५.६ हे गुणोत्तर यायला हवं, १७० कोटीला सुमारे १५.८, १०० कोटीला सुमारे १७.१, आणि ९.५ कोटीला सुमारे १८.६. आजच्या साध्या खडकातल्या शिशाला १८.७.

आपल्या यादीशी हे लावून पाहा. राजस्थानच्या रामपुरा-आगुचाचं शिसं-जस्त सुमारे १८० कोटी वर्षांचं, झावरचं सुमारे १७० कोटीचं, अंबाजी-देरीचं सुमारे १०० कोटीचं. मलांजखंडचं तांबं सुमारे २४९ कोटी वर्षांचं. आणि ओमानची तांब्याची खनिजं ज्या समुद्रतळाच्या खडकांत आहेत ते अवघे साडेनऊ कोटी वर्षांचे. ओमान आणि अरवली यांच्यात इतकं अंतर आहे की बऱ्याच वेळा पहिल्याच आलेखावर एकाचं नाव गळतं.

समजा, तुमच्या बांगडीत शिसं अत्यल्प आहे आणि २०६/२०४ गुणोत्तर १६.२ आलं. निव्वळ ओमानचं तांबं असतं तर इतका खालचा आकडा येणं शक्य नाही. ओमान गळालं. जुन्या, म्हणजे दीडशे कोटी वर्षांच्या आसपासच्या किंवा त्याहून जुन्या खाणींकडे बोट दिसतं. मॉडेल मात्र दिशा दाखवण्यापुरतं वापरायचं. निर्णय घ्यायचा तो त्या त्या खाणीच्या प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी ताडूनच, आणि एका गुणोत्तरावर कधीच नाही. २०७/२०४ आणि २०८/२०४ चे आलेखही काढा. तिन्हींत जुळलं तरच खाण यादीत राहील, एकात जरी स्पष्टपणे हुकली तर बाहेर.

तांब्याच्या खनिजांत एक वाकडी गोष्ट असते. गॅलेनासारखी ती स्वच्छ नसतात. त्यांत थोडं युरेनियम राहिलं तर घड्याळ चालूच राहतं आणि २०६/२०४ मॉडेलच्या कितीतरी वर जातं. सिंहभूमचा पट्टा तर युरेनियमसाठीच प्रसिद्ध आहे, जादूगुडा तिथेच. म्हणून १९ किंवा २० च्या वरचा आकडा दिसला तर यंत्र चुकलं असं समजू नका. ती युरेनियमशेजारच्या तांब्याची खूण असू शकते. अशा खाणीचे नमुने आलेखावर गोळ्यासारखे नाही, तर लांब तिरप्या रेषेत पसरतात. वस्तू त्या रेषेवर बसते का हे पाहायचं.

आता सर्वांत अवघड भाग, मिसळ. तांबट आणि कासार मोड घेतात, वितळवतात, नवं भांडं घडवतात. हे आजचं नाही. धातू दूरवरून येत असेल तर तुटकी कुऱ्हाड कुणी फेकून देत नव्हतं. मिसळीचा हिशेब एकदा हाताने करून पाहा. एका जुन्या खाणीचं तांबं घ्या, गुणोत्तर १६.०, त्यात शिसं दहा लाखांत २०० भाग. दुसरं ओमानसारखं, गुणोत्तर १८.६, शिसं फक्त २० भाग. दोन्ही निम्मं-निम्मं वितळवलं तर मिश्रणाचं गुणोत्तर मधोमध १७.३ येत नाही, सुमारे १६.२ येतं. शिसं पहिल्यात दसपट आहे, म्हणून सही त्याचीच उमटते. फोडणीत हिंग चिमूटभर, पण वास त्याचाच, तसं.

म्हणजे वर आपण ज्या बांगडीतून ओमान वगळलं, तिच्यात अर्धं तांबं ओमानचं असू शकतं. 'निव्वळ ओमानचं नाही' एवढंच वाक्य लिहायचा हक्क आपल्याला आहे. हा फरक पाळला नाही तर पुढचा सगळा व्यापारमार्गांचा इतिहास वाळूवर उभा राहतो.

मिसळ ओळखायची तर एकाच गावच्या, एकाच काळातल्या बऱ्याच वस्तू मोजाव्या लागतात. दोन खाणींची मिसळ असेल तर सगळे बिंदू त्या दोन टोकांमधल्या सरळ रेषेवर येतात. सोबत आर्सेनिक, निकेल, कोबाल्ट, अँटिमनी, चांदी यांचं प्रमाणही मोजा. एक वस्तू कधीच पुरेशी नसते. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये मिळालेल्या, एकत्रित साठ किलोहून जड असलेल्या चार शिल्पांवर इतकी वर्षं वाद झाले, त्याचं एक कारण हेच की त्यांच्या जोडीला ठेवावी अशी दुसरी वस्तूच नाही.

तुलनेसाठी खाणीचे नमुने कुठले वापरता, यावरही लक्ष ठेवा. आजच्या खाणीत शेकडो मीटर खोलीवरून काढलेलं खनिज आणि प्राचीन लोकांनी वरच्या ऑक्सिडाइज झालेल्या थरातून खणलेलं खनिज एकसारखं असेलच असं नाही. प्राचीन खोदकामाजवळची मळी, म्हणजे धातू गाळल्यावर उरलेला काचेसारखा कचरा, मिळाली तर ती सर्वांत विश्वासू. भारतीय तांब्याच्या खाणींचे प्रकाशित आकडे युरोपच्या मानाने विरळ आहेत. दक्षिण भारतातल्या कांस्यमूर्तींवर शारदा श्रीनिवासन यांनी शिशाच्या समस्थानिकांनी मोठं काम केलं. पश्चिम भारताच्या ताम्रपाषाणयुगासाठी तसं सलग काम व्हायला हवं.

तांबं आणि गंधक काय सांगतात

तांब्याचे स्वतःचे दोन समस्थानिक आहेत, ६३ आणि ६५. ते खाण ओळखायला कच्चे, पण खनिजाची जात सांगायला चांगले. त्यांचं गुणोत्तर प्रमाणित नमुन्यापेक्षा दर हजारी किती वेगळं आहे असं लिहितात; खोल सल्फाइड खनिजात हा फरक सामान्यतः शून्याजवळ घोटाळतो. पावसाचं पाणी मुरून वरच्या थरात जे ऑक्सिडाइज झालेलं खनिज बनतं त्यात तो दूर सरकतो. म्हणून वस्तू मॅलाकाइटसारख्या सोप्या खनिजापासून बनली की गंधकयुक्त खनिज भाजून, याचा अंदाज येतो. दुसऱ्या प्रक्रियेला जास्त कौशल्य लागतं.

खाण मुळात कशी बनली हे कळायचं असेल तर खनिजातल्या गंधकाचे समस्थानिक मोजा, तेही असेच दर हजारी फरकात लिहितात. लाव्ह्यातून आलेल्या गंधकाचा आकडा शून्याजवळ असतो, आजच्या समुद्रातल्या सल्फेटचा आकडा दर हजारी सुमारे अधिक २१, आणि जिवाणूंनी सल्फेटवर काम केलं असेल तर गंधक हलका होऊन आकडा उण्यात जातो. भट्टीत मात्र गंधक धुरावाटे निघून जातो, म्हणून ही चाचणी खनिजावरच करायची, तयार वस्तूवर नाही.

पितळेतल्या जस्ताचंही सांभाळा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि हलके अणू आधी उडतात, त्यामुळे त्याच्या समस्थानिकांवर भट्टीची छाप पडते. झावरला जस्ताच्या ऊर्ध्वपातनाच्या मातीच्या नळ्यांचे ढीग आजही आहेत, ते अभ्यासायचे तर हे ध्यानात हवं. लोखंडासाठी शिसं फारसं उपयोगी नाही. तिथे ऑस्मियम वापरतात.

लिहिताना

निष्कर्षाआधी तक्ता द्या. प्रत्येक वस्तूचं गाव, थर, वजन, रचना, तिन्ही गुणोत्तरं, प्रत्येकाची अनिश्चितता, आणि त्या दिवशीचे प्रमाणित शिशाचे आकडे. पुढच्या पिढीला एखादी नवी खाण मोजलेली मिळेल तेव्हा तिला तुमचा निष्कर्ष नाही, हा तक्ता लागेल.

वाक्यं तीन प्रकारांत लिहा: 'या खाणी वगळल्या', 'या खाणींशी विसंगत नाही', आणि 'मिसळ असल्यास असा अर्थ निघू शकतो'. जुने प्रकाशित आकडे वापरत असाल तर ते कुठल्या यंत्राचे हे पाहा. १९९० च्या दशकाआधीच्या मोजमापांत अनिश्चितता बरीच मोठी असते, आणि आलेखावर ती चौकटीने दाखवल्याशिवाय जुळणी खोटी वाटेल इतकी छान दिसते.

उरलेला किस आणि गंजाची कुपी, नावाची चिठ्ठी लावून, वस्तूसोबतच संग्रहालयात जमा करा. सोबत आणलेल्या मातीची पिशवीही तिथेच द्या.